नेम धरायचा की नेम पाळायचा?

प्रश्न: दर वर्षी मी आकडे ठरवतो. १० किलो वजन कमी, २४ पुस्तकं, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक, आठवड्यातून चार दिवस व्यायाम. तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळं गळून पडतं. हल्ली ऐकतो की आकडे ठरवू नका, ‘मला कोण व्हायचंय’ ते ठरवा आणि सवयी लावा. ऐकायला बरं वाटतं, पण नेमकं करायचं काय?

उत्तर:

मराठीत ‘नेम’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. लक्ष्यावर धरतात तो नेम, आणि रोज न चुकता पाळतात तोही नेम. तुमच्या यादीतल्या पहिल्या तीन ओळी निव्वळ पहिल्या अर्थाच्या आहेत. चौथी ओळ दुसऱ्या अर्थाच्या जवळ जाते, पण ‘चार दिवस’ म्हणजे कोणते, कशानंतर, कुठे, हे तिच्यात नाही. यादी गळून पडते ती इथे.

आकडे फाडून टाका असं मात्र मी सांगणार नाही. त्यांची जागा बदलायची आहे. दिशा ओळखीने ठरवायची, रोजचं काम सवयीवर सोपवायचं आणि आकडा तपासणीपुरता ठेवायचा.

आकडा कुठे कामाला येतो

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येय ठरवण्याच्या विषयावर अनेक दशकं काम केलं. ‘जमेल तेवढं करा’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय दिलं तर माणूस जास्त काम करतो, हा त्यांचा निष्कर्ष भक्कम आहे. पण त्यालाही अटी आहेत. ते काम कसं करायचं हे माणसाला आधीपासून येत असलं पाहिजे, ध्येय मनातून मान्य असलं पाहिजे आणि आपण कुठवर आलो हे वाटेत कळत राहिलं पाहिजे. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर निकालाचा कडक आकडा उलट आड येतो. अशा वेळी ‘हे करायच्या तीन पद्धती शोधून काढेन’ अशा शिकण्याच्या ध्येयाने जास्त फायदा होतो. आता स्वतःलाच विचारा: वजन कमी करून ते वर्षभर तसंच ठेवणं तुम्हाला ‘येतं’ का? येत असतं तर ते यादीत दर वर्षी आलं नसतं.

मॅरेथॉनचं उदाहरण बोलकं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९० लाखांहून अधिक मॅरेथॉन-वेळा तपासल्या गेल्या. चार तासांच्या किंचित आत शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी दिसली आणि चार तास उलटल्याबरोबर ती ओसरलेली दिसली. म्हणजे शेवटच्या टप्प्यात आकडा पाय ओढून नेतो. पण चार महिने आधी, बाहेर पाऊस कोसळत असताना, तोच आकडा कोणाला बूट घालायला उठवत नाही.

लांबच्या आकड्याची दुसरी खोड अशी की, तो गाठेपर्यंत रोजचा निकाल ‘अजून नाही’ असाच लागतो. १० किलोंपैकी तीन उतरले तरी सात उरलेलेच दिसतात. शिवाय आकडा गाठला की काम संपलं असं वाटतं आणि पूर्वीचं वागणं परत येतं. आणि आकड्याला फसवताही येतं. वर्षाच्या शेवटी पुस्तकांची संख्या भरायला बारीक पुस्तकं उचलली जातात. जे जाड पुस्तक खरं वाचायचं होतं ते कपाटातच राहतं.

कित्येकदा आकड्याचा उगमही तपासावा लागतो. रोज १०,००० पावलं चालण्याचा आकडा लोकांच्या तोंडी बसला तो १९६५ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘मानपोकेई’ या पावलं मोजणाऱ्या उपकरणामुळे. नावाचा अर्थच ‘१०,००० पावलांचं मापक’. चालणं चांगलंच आहे, पण ९,००० पावलं झाल्यावर हळहळण्याचं काही कारण नाही.

‘धावपटू’ नको, ‘धावणारा’

ओळख ठरवताना बहुतेक लोक पहिली चूक करतात ती नामाची. ‘मी लेखक आहे’, ‘मी धावपटू आहे’, ‘मी सडपातळ माणूस आहे’. या शब्दांत कर्तृत्व आणि निकाल आधीच भरलेले आहेत. आज सकाळी उठून ते म्हणायला जीभ अडखळते, आणि अडखळायलाच हवी, कारण ते अजून खरं नाही. मराठीत यावर सोपी वाट आहे: क्रियापदाला ‘-णारा’ किंवा ‘-णारी’ लावायचं. लिहिणारा, धावणारी, पैसे आधी बाजूला काढणारा, ताट वाढून घेण्याआधी विचार करणारी. ‘धावणारी’ व्हायला पदक लागत नाही, आज पाच मिनिटं धावलं की पुरतं.

वाक्य ठरलं की त्याला तीन प्रश्न विचारावेत. आज रात्रीच्या आत याचा एक पुरावा देता येईल का? अंगात कणकण असलेल्या, कामाने पिट्टा पडलेल्या दिवशीही अर्धामुर्धा पुरावा देता येईल का? आणि दुसरं कोणी पाहत नसेल तरी हे करावंसं वाटेल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर वाक्य फार मोठं आहे. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर सवयीचं माप चुकलंय. तिसऱ्याचं ‘नाही’ आलं तर ती ओळख दुसऱ्या कोणाची तरी आहे, ती सोडून दिलेली बरी.

पुराव्यावर एवढा भर का? मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी मांडलेला विचार असा, की आतून स्पष्ट काही जाणवत नसतं तेव्हा माणूस स्वतःविषयीचं मत स्वतःच्या वागण्याकडे पाहून बनवतो, जसं तो दुसऱ्याविषयी बनवतो तसंच. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी कृती, मग पुराव्यांचा ढीग, मग ओळख. आरशासमोर वाक्य पुटपुटण्याने ढीग वाढत नाही.

शब्दांच्या जादूवर विसंबू नये याचा दाखलाही आहे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना ‘मत देणं’ असं न विचारता ‘मतदार असणं’ असं विचारलं, तर मतदानाला जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. त्यावर बरंच बोललं गेलं. मग २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मोठ्या संख्येवर तसाच प्रयोग केला आणि तो परिणाम काही दिसला नाही. ओळखीचं वाक्य दिशा दाखवायला चांगलं आहे. ढकलण्याचं बळ त्याच्यात गृहीत धरू नका.

आणि ते वाक्य सगळ्यांना सांगत सुटू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगांत असं दिसलं, की ओळखीशी जोडलेला संकल्प दुसऱ्याच्या नजरेत आला की त्यासाठीचं प्रत्यक्ष काम कमी झालं. लोकांनी दखल घेतली की थोडं ‘झालोच’ असं वाटायला लागतं. सांगायचंच असेल तर एका माणसाला सांगा, आणि ओळख न सांगता वेळ सांगा: ‘रोज जेवण झालं की मी वीस मिनिटं खोलीत असेन, तेवढं मला हाक मारू नकोस.’

आकड्यातून नेमाकडे

एक कागद आणि वीस मिनिटं घ्या. वर तुमचा आकडा लिहा. खाली हा प्रश्न: ज्याच्या आयुष्यात हा आकडा आपोआप घडतो, तो माणूस एखाद्या साध्या मंगळवारी काय करतो? सुट्टीच्या दिवशी किंवा वर्षाच्या पहिल्या दिवशी काय करतो हे विचारायचं नाही, कारण त्या दिवशी सगळेच उत्साही असतात. मंगळवारचं उत्तर फक्त क्रियापदांत लिहा. पाच-सहा क्रिया निघतील. त्यांतली एक निवडायची, आणि निवड परिणामावर करू नका. जी क्रिया तुमच्या आत्ताच्या दिवसात सगळ्यात कमी ओढाताण करून बसते, ती उचला.

आता तिला निमित्त जोडायचं. साचा असा: ‘अमुक झालं की मी तमुक ठिकाणी तमुक करतो.’ हेही गोलविट्झर यांचंच क्षेत्र. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘असं झालं की तसं करेन’ अशी आखणी केलेल्यांचा फरक बऱ्यापैकी मोठा निघाला. कारण सोपं आहे: ऐन वेळी ठरवत बसावं लागत नाही.

निमित्त निवडण्यातच सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून इथे जरा थांबू. ‘संध्याकाळी’, ‘वेळ मिळाला की’, ‘कामावरून आल्यावर’ ही निमित्तं नव्हेत, या मोघम इच्छा आहेत. कामावरून येणं हे दहा-पंधरा मिनिटं चालणारं प्रकरण आहे: दार, चपला, पिशवी, पाणी, फोन. यातला नेमका कोणता क्षण? ‘पिशवी खुंटीला अडकवली की’ हे निमित्त झालं, कारण ते हाताला जाणवतं आणि एका क्षणात पुरं होतं. गजर लावला तरी चालतो, पण तो कामाच्या मध्येच वाजला की हात आपसूक तो बंद करतो, आणि आठवड्याभरात गजर बंद करण्याचीच सवय लागते. एखादी जुनी क्रिया संपण्याचा क्षण गजरापेक्षा भरवशाचा, कारण त्या क्षणी हात खरोखर रिकामे असतात.

निमित्त किती वेळा येतं तेही पाहा. रोजची सवय आठवड्यातून चारदा येणाऱ्या निमित्ताला बांधली तर उरलेले तीन दिवस ती लटकत राहते. कामाच्या दिवसांचं निमित्त सुट्टीला नसतं, त्यामुळे दर सोमवारी सुरुवात पुन्हा पहिल्यापासून केल्यासारखी वाटते. सुट्टीसाठी वेगळं निमित्त आधीच लिहून ठेवा. एकाच खुंटीवर तीन सवयीही टांगू नका. ‘दात घासले की ध्यान, मग व्यायाम, मग रोजनिशी’ अशी माळ केली की ज्या दिवशी पहिला मणी निसटतो त्या दिवशी सगळी माळ जाते.

माप दोन ठेवायची: किमान आणि नेहमीचं. किमान माप दोन ते पाच मिनिटांत उरकणारं, इतकं लहान की त्याला नकार देण्यापेक्षा ते करणं सोपं. वाचन: किमान २ पानं, नेहमीचं २० मिनिटं. धावणं: किमान बूट घालून ५ मिनिटं बाहेर, नेहमीचं ३० मिनिटं. नवी भाषा: किमान ३ वाक्यं मोठ्याने, नेहमीचा एक पाठ. वाईट दिवशी किमान केलं तरी दिवस भरला असंच धरायचं आणि दिनदर्शिकेवर पूर्ण खूण करायची, अर्धी खूण वगैरे काही नाही. इथे अनेकांना अपराधी वाटतं, ‘दोन पानं म्हणजे काय वाचन?’ दोन पानांनी ज्ञान फार वाढत नाही हे खरं. पण त्या दिवशी ती दोन पानं निमित्ताचा धागा तुटू देत नाहीत, आणि त्यांचं काम तेवढंच आहे.

नंतरचा सापळा उत्साहाचा. दुसऱ्या आठवड्यात सगळं मजेत चाललेलं असतं आणि माणूस किमान माप वाढवतो: पाच मिनिटांचं पंधरा, दोन पानांचं दहा. मग पहिला खराब दिवस येतो आणि पंधरा मिनिटं डोंगराएवढी वाटतात. किमान माप कधीच वाढवू नका. नेहमीचं माप चार आठवडे सुरळीत गेल्यावर एक चतुर्थांशाने वाढवा, आणि पुढे तीन-चार आठवडे तिथेच थांबा. धावण्यासारख्या गोष्टीत याला शारीरिक कारणही आहे. दम लवकर सुधारतो, पण स्नायुबंध आणि हाडं त्या मानाने सावकाश सरावतात. वेग किंवा अंतर घाईने वाढवलं की दुखणं तिथूनच सुरू होतं.

शेवटी, जागा आदल्या रात्रीच लावून ठेवा. पुस्तक उशीवर, बूट दाराशी, वही उघडी आणि पेन तिच्यावर. ज्या गोष्टीपासून दूर राहायचंय ती मध्ये दोन अडथळे घालून ठेवा: दुसऱ्या खोलीत, आणि बंद कपाटात. इच्छाशक्तीवर कमी भार टाकायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

खाडा पडला तर

सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना १२ आठवडे रोजची एक नवी क्रिया करायला लावली. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजात कृती पुरेशी आपसूक व्हायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला निघाला, मधला आकडा ६६. खाण्यापिण्याच्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत ‘अजून आपसूक होत नाही’ म्हणून स्वतःला दोष देऊ नका, तसं व्हायचंच असतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची: एखाद्या दिवशी खाडा पडल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. नुकसान होतं ते खाड्यानंतर मनात येणाऱ्या विचाराने. आहारावर नियंत्रण ठेवणाऱ्यांचा अभ्यास करताना जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांना हे स्पष्ट दिसलं. आज नियम मोडलाच आहे तर जाऊ दे, आता पोटभर खाऊन घेऊ, अशी मनाची घसरण होते, आणि मूळ चुकीपेक्षा ती कितीतरी महागात पडते. सलग दिवस मोजणारी साधनं हीच घसरण पिकवतात. ४७ दिवस सलग झाले, ४८ वा चुकला, पडद्यावर शून्य दिसलं. ४७ दिवस काही कुठे गेलेले नसतात, पण शून्य पाहून माणूस तसंच समजतो.

म्हणून सलगता मोजू नका. गेल्या ३० दिवसांत किती खुणा झाल्या ते मोजा. कागदी दिनदर्शिका पुरते. किमान केलं तरी खूण, नेहमीचं केलं तरी तीच खूण. सोबत एकच नियम: खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी फक्त किमान करायचं. भरपाई म्हणून दुप्पट अजिबात करायचं नाही, कारण दुप्पट केलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा ठरलेला. लागोपाठ दोन खाडे पडले तर ती आळसाची खूण मानू नका. आखणीत काहीतरी बिघडलंय असं समजा आणि खूण करायच्या जागी एका शब्दात कारण लिहा: ‘प्रवास’, ‘पाहुणे’, ‘झोप’. महिनाभराने तोच शब्द तीनदा दिसला की दुरुस्ती कुठे करायची ते आपोआप कळतं. प्रवास आणि आजारपण तर येणारच आहेत. त्यांच्यासाठी वेगळं किमान आजच लिहून ठेवा.

आकडा कधी पाहायचा

आकडा सोडायचा नाही, पण त्याचं मोजमाप तापमापकासारखं ठेवायचं. ताप पाहून औषध ठरवतात, तापमापकावर रागावत नाहीत. वजनाचं उदाहरण घ्या: शरीरातल्या पाण्याने आणि पोटातल्या अन्नाने ते एका दिवसात किलो-दोन किलोने वरखाली होऊ शकतं. रोजचा काटा पाहून आनंद-दुःख करण्यात अर्थ नाही. हवं तर रोज मोजा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीचीच करा. बचत महिन्यातून एकदा पाहा, वाचलेली पुस्तकं तीन महिन्यांतून एकदा.

सहा आठवड्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवा, खुणा आणि आकडा. गेल्या ३० दिवसांत २४ किंवा जास्त खुणा आहेत आणि आकडाही हलतोय, तर कशालाही हात लावू नका. इथे ‘अजून सुधारू’ म्हणून बिघडवणारे फार. खुणा भरपूर आहेत पण आकडा हललेला नाही, तर नेम पक्का झालाय, क्रिया मात्र चुकीची किंवा अपुरी निवडली गेली आहे. ओळख तीच ठेवून क्रिया बदला किंवा नेहमीचं माप वाढवा. खुणा १८ च्या खाली असतील तर आकड्याकडे बघूच नका, तो काहीही सांगत असला तरी योगायोग आहे. आधी निमित्त तपासा, मग माप. बहुतेक वेळा निमित्तच सैल निघतं. मधल्या पट्ट्यात असाल तर आणखी चार आठवडे तसंच चालू द्या. २४ आणि १८ या सीमा शास्त्राने ठरवलेल्या नाहीत, त्या कामचलाऊ आहेत. पण आधी ठरवलेली कामचलाऊ सीमा मनाच्या लहरीपेक्षा बरी.

काही ठिकाणी आकडाच वर राहिला पाहिजे. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी किंवा रक्तातल्या साखरेसाठी दिलेली पातळी, कर्जाचा हप्ता, परीक्षेची तारीख. ‘मी औषध घेणारा माणूस आहे’ म्हणून साखरेची तपासणी टाळता येत नाही. तसंच एकदाच करायच्या गुंत्याच्या कामांना, म्हणजे प्रबंध, घर बदलणं, धंद्याची उभारणी यांना, सवय अर्ध्यापर्यंतच नेते. लिहायला बसणं सवयीचं होऊ शकतं, लिहिणं नाही. बसल्यावर आज कोणता भाग हातात घ्यायचा याची वेगळी यादी लागतेच, नाहीतर माणूस रोज नेमाने बसून पहिलाच परिच्छेद घासत राहतो.

ओळखीचे स्वतःचे धोके

ओळख घट्ट झाली की तीच अडकवते. ‘रोज धावणारा’ माणूस गुडघा दुखत असताना धावतो, कारण न धावणं म्हणजे स्वतःला नाकारणं वाटतं. उपाय असा की ओळख एक पायरी वर ठेवायची: ‘शरीर हालतं ठेवणारा’. मग गुडघा दुखला तर पोहणं किंवा हातांचा व्यायामही पुरावा ठरतो.

‘न करणारा’ ही ओळख एकटी फार टिकत नाही. सिगारेट न ओढणारा, रात्री न खाणारा. ‘मला चालत नाही’पेक्षा ‘मी ओढत नाही’ म्हणणं नकार द्यायला बळ देतं, पण जुन्या निमित्ताचं काय? जेवणानंतरची ती दहा मिनिटं रोज येणारच. तिथे हाताला आणि तोंडाला दुसरं काहीतरी ठरवून द्यावं लागतं, नाहीतर ती जागा जुनी सवयच भरून काढते. आणि हे व्यसनाच्या पातळीवर असेल तर नुसत्या सवयींच्या आखणीवर न राहता डॉक्टरांची मदत घ्या. दारू खूप दिवसांपासून आणि रोज जास्त घेतली जात असेल तर ती एकदम बंद करणं धोक्याचंही असू शकतं.

जुन्या ओळखीही आत बसलेल्या असतात: ‘मी मुळातच बेशिस्त’, ‘आमच्यात कोणाला हिशेब जमत नाही’. त्यांच्याशी वाद घालू नका. वादात त्याच जिंकतात, त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे पुरावे आहेत. खुणांचा कागद भिंतीवर राहू द्या.

तुमच्या चार ओळी

२४ पुस्तकं: सरासरी २५० पानं धरली तर वर्षाला ६,००० पानं, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा. ओळख ‘रोज वाचणारा’. निमित्त ‘अंथरुणावर टेकलो की’. किमान २ पानं, नेहमीचं २० मिनिटं. पन्नास पानांनंतर पुस्तक रुचलं नाही तर सोडायची मुभा आधीच देऊन ठेवा, कारण वाचनाची सवय मोडते ती बहुधा एका कंटाळवाण्या पुस्तकात अडकून.

शिल्लक: ओळख ‘आधी बाजूला काढून मग खर्च करणारा’. इथे निमित्त वर्षातून बाराच वेळा येतं, म्हणून सवय लागायची वाट पाहू नका; पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी बँकेत सोय करा. आणि गणित आधी करा. उत्पन्नाच्या १० टक्के बाजूला काढून बाकी सगळं खर्च होत असेल, तर व्याज न धरता सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक व्हायला ५४ महिने लागतात. २० टक्के काढले तर २४ महिने. एका वर्षात ते होणारच नव्हतं, त्यामुळे ‘जमलं नाही’ हा शिक्का चुकीच्या जागी बसला होता.

१० किलो: आठवड्याला अर्धा किलो ही संथ पण झेपणारी गती धरली तरी वीस आठवडे होतात, आणि मधे थांबे येतातच. वेगळा आजार असेल तर आधी डॉक्टर. ओळख ‘ताट एकदाच वाढून घेणारा’. निमित्त ‘ताट हातात घेतलं की’. पातेली टेबलावर न ठेवता दूर ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठावं लागेल.

व्यायाम: ‘चार दिवस’च्या जागी वारांची नावं लिहा, आणि उरलेल्या तीन दिवशी त्याच निमित्ताला किमान ५ मिनिटं चाला. रोज यायला लागलं की ‘आज आहे की नाही’ हा प्रश्नच उरत नाही.

चारही एकदम मात्र सुरू करू नका. बँकेची सोय या आठवड्यात करून टाका, तिला रोजचं लक्ष लागत नाही. रोजच्या नेमांत पहिला वाचनाचा घ्या, कारण झोपण्याचं निमित्त तुमच्याकडे आधीच पक्कं आहे. त्याच्या ३० दिवसांत २४ खुणा झाल्या की ताट, आणि त्यानंतर व्यायाम. आज रात्रीपुरतं एवढंच: पुस्तक उशीवर ठेवा आणि फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत लावा.